ओव्हर देणारी सिस्टर कशी आहे?

बायकांच्या सर्जिकल वॉर्डात पाळी बदलायची वेळ झाली की नव्या पोरी सारख्या दाराकडे बघायला लागतात, कारण बारकी सिस्टर ओव्हर घ्यायला येणार असते. ओव्हर म्हणजे जाणाऱ्या सिस्टरने येणाऱ्या सिस्टरच्या हवाली वॉर्ड करायचा. एकेका खाटेवर कोण आहे, काय झालंय, काय दिलं, काय द्यायचं राहिलंय, सगळं सांगायचं. इतर वॉर्डांत हे काम टेबलाशी बसून, चहाचे घोट घेत उरकतात. बारकीपुढे ती डाळ शिजत नाही. ती खाटेशी जाते, हात मागे बांधून उभी राहते, पोरीचं सगळं बोलणं मुकाट्याने ऐकून घेते आणि मग म्हणते, "छान. आता चादर उचला."

चादरीखालून काय काय निघतं ते वॉर्डात राबलेल्या माणसालाच ठाऊक. कोरडं म्हणून सांगितलेलं ड्रेसिंग ओलं निघतं. आरामात म्हणून सांगितलेली बाई सलाइनच्या नळीवर पाठ टाकून पडलेली असते. एकदा तर 'ऑपरेशनसाठी सकाळपासून कडक उपाशी' असलेल्या एका आजीबाईंच्या कुशीत बिस्किटांचा अर्धा पुडा सापडला होता, आणि उरलेला अर्धा कुठे गेला ते विचारायची कोणाची टाप नव्हती.

वॉर्डातल्या मावशी तिला पाठीमागे 'चादरवाली' म्हणतात. बारकीच्या ते कानावर आलंय आणि तिला त्याचा राग नाही. नावांचं तिला कौतुक उरलेलं नाही. लहानपणी अंगाने चिपाड होती म्हणून घरच्यांनी बारकी म्हटलं ते चिकटलं, आणि आता पन्नाशी उलटल्यावर बारकी म्हणावं असं तिच्यात ते नाव सोडून काही राहिलेलं नाही. पोरींना वाटतं बाई खडूस आहे. आहेच, उगाच नाही कशाला म्हणा. पण चादरीचं हे वेड तिला कुठल्या पुस्तकाने लावलेलं नाही. ते लावलं तिच्या आत्याने. आणि जिथे ते वेड खरं कामाला यायला हवं होतं तिथेच नेमकं आलं नाही. बारकी आजही त्या गोष्टीने आतून पोखरलेली आहे.

आत्या म्हणजे बारकीच्या बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणाऱ्याला ती 'वेळ झाला नाही' असं सांगायची, आणि सुरात असं काही असायचं की पुढचा प्रश्न विचारणाऱ्याच्या घशातच राहायचा. शिंपीणबाईच्या दुकानावर दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. आई, बाबा, आत्या, भाऊ आणि बारकी. खालून दिवसभर शिलाई मशीनची खडखड वर यायची. ती थांबली की घरातल्यांना चुकल्यासारखं व्हायचं. आत्या मोठ्या दवाखान्यात सिस्टर होती. सकाळपाळी करून दुपारी घरी यायची, दाराशेजारच्या खिळ्याला पिशवी अडकवायची, कोपरापर्यंत हात धुवायची. तिच्या कपड्यांना फिनेलचा वास असायचा. आई त्या वासाने नाक मुरडायची. बारकी मात्र त्या वासाची वाट बघत जिन्याच्या तोंडाशी बसलेली असायची.

हात पुसून झाले की आत्या खोलीच्या मधोमध ताठ उभी राहायची, हात मागे बांधायची आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "द्या सिस्टर, ओव्हर द्या."

मग बारकीही ताठ व्हायची. "खाट नंबर एक, बाबा. डेपोतून आल्यापासून डोकं दुखतंय. कोणी बोलायचं नाही असं सांगितलंय. खाट नंबर दोन, आई. पाठ धरलीय, तरी धुणं धुतलं. सांगून ऐकत नाही. खाट नंबर तीन, भाऊ. तब्येत ठणठणीत. गणितात नापास. आईला अजून माहीत नाही."

"तीन नंबरची बातमी पेशंटच्या नातेवाइकांना इतक्यात देऊ नका," आत्या म्हणायची. "धक्का बसेल."

भावाला बिचाऱ्याला बरेच दिवस वाटत होतं की या दोघींचं क्रिकेटचं काहीतरी चाललंय आणि आपल्याला मुद्दाम खेळायला घेत नाहीत. बाबा पेपराआडून हसायचे. सगळा ओव्हर सांगून झाला की आत्या शेवटचा प्रश्न विचारायची, आणि तो विचारताना तिचा आवाज बदलायचा. "आणि ओव्हर देणारी सिस्टर कशी आहे?"

"बरी आहे."

"घेतला ओव्हर. जा आता खेळायला."

असा हा रोजचा खेळ. पण एके दिवशी बारकीने 'खाट नंबर दोन, आई बरी आहे' असं सांगितलं आणि आत्या तशीच उठून मोरीशी भांडी घासणाऱ्या आईकडे गेली. जाऊन तिच्या ब्लाउजची बाही वर केली. कोपराच्या वर वाफेने भाजून कातडी सोललेली होती आणि आईने वरून चिंधी गुंडाळली होती.

"सिस्टर, हे काय?" आत्याने विचारलं.

बारकी रडकुंडीला आली. "मी विचारलं होतं. तीच म्हणाली, बरी आहे."

"पेशंट बरा आहे असंच म्हणतो. तेवढं म्हणायला त्याचं काय जातं? लोकांना त्रास नको, घरी लवकर सोडावं, इंजेक्शन टोचू नये, हजार कारणं असतात त्याला. आपण बघायचं. चादर उचलून बघायची. बघितल्याशिवाय घेतलेला ओव्हर म्हणजे बोलाचीच कढी नि बोलाचाच भात."

आईचा हात धुऊन, मलम लावून, स्वच्छ पट्टी बांधून झाल्यावर आत्या वळली. "आणि ओव्हर देणारी सिस्टर कशी आहे?"

"बरी आहे," बारकी सवयीने म्हणाली.

आत्याने खाली बसून तिच्या फ्रॉकची कड वर केली. गुडघा चांगलाच फुटला होता आणि त्यात शाळेच्या मैदानातली अख्खी माती बसली होती. बारकीने तो सकाळपासून लपवला होता, कारण पळू नकोस असं आईने हजारदा बजावलं होतं. आत्या रागावली नाही. "आता पाणी लावते हं. गार लागेल. आता कापूस फिरवते. आता झोंबेल, पण थोडंच." प्रत्येक गोष्ट आधी सांगून मग करत होती. बारकीला झोंबलं, पण रडू आलं नाही. कोणीतरी आपल्याला विचारून थांबलं नाही, बघितलं, याचंच तिला इतकं अप्रूप वाटलं की त्या संध्याकाळी तिने घरात जाहीर करून टाकलं, मी सिस्टर होणार.

मुलं असं बरंच काही जाहीर करतात. भाऊ तेव्हा रोड रोलर चालवणार होता. पण बारकीचं ते डोक्यातून गेलं नाही. शाळा संपता संपता तिने फॉर्म आणला तेव्हा आई म्हणाली, "घरात एक आहे तेवढी पुरे. लोकांची घाण उपसायची, सणावाराला घरी नाही, आणि वर कोणी 'सिस्टर' म्हणून हाक मारली की फुगायचं." आत्या बाजू घेईल असं बारकीला वाटलं होतं. आत्या म्हणाली, "वहिनी बरोबर सांगतेय. नको होऊस. या कामात बाईचे पाय आधी म्हातारे होतात, बाकीची बाई नंतर." बारकीने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरून द्यायला आत्याच तिच्याबरोबर गेली, आणि रांगेत पुढे घुसणाऱ्या माणसाशी कचाकचा भांडली.

शिकून झाल्यावर बारकीला नोकरी लागली तीही त्याच मोठ्या दवाखान्यात. पहिल्याच वर्षी एका बाळंतिणीचा ओव्हर घेताना, 'सगळं ठीक' ऐकूनही, तिने चादर उचलली. खाली गादी रक्ताने भिजली होती. धावपळ झाली, डॉक्टर आले, बाई वाचली. घरी येऊन बारकीने हे सांगितलं तेव्हा आत्या भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग? तेवढ्यासाठीच पगार देतात." बारकीचं तोंड उतरलं. पण संध्याकाळी ती खाली गेली तर शिंपीणबाईने मशीन थांबवून तिला मिठीच मारली. आत्याने तोवर दुकानात, दुकानासमोर आणि कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडे ती गोष्ट रंगवून सांगितली होती.

वर्षं गेली. आत्या निवृत्त झाली. आई गेली, बाबा गेले. भाऊ दुसऱ्या शहरात स्थिरावला. रोड रोलर नाही, विम्याचं काम. बारकीचं लग्न होऊन ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, वॉर्डाची इनचार्ज झाली. आत्या त्याच दोन खोल्यांत एकटी राहिली. बारकीने किती वेळा म्हटलं, माझ्याकडे चल. आत्या म्हणायची, "तुझ्याकडे भिंतीला खिळा मारू देत नाहीत. मी पिशवी कुठे अडकवू?"

मग रविवार ठरला. दर रविवारी बारकी फळं, औषधं, आठवड्याची भाजी घेऊन जिना चढायची. आता खेळ उलटा झाला होता. बारकी दारात पिशवी ठेवून, हात मागे बांधून उभी राहायची. "द्या सिस्टर, ओव्हर द्या."

आत्याही उठून उभी राहायची. "खाट नंबर एक. म्हातारी. जेवण घेते. झोप बरी. तक्रार नाही."

"शुगर?"

"आटोक्यात."

"गोळ्या?"

"चालू."

"पाय?"

"दोन्ही जागेवर."

या 'दोन्ही जागेवर'ला दोघी दर वेळी हसायच्या. विनोद जुना झाला की घरात त्याला नातेवाइकासारखी जागा मिळते, तसं त्याचं झालं होतं. मग चहा व्हायचा आणि बारकी वॉर्डातल्या गमती सांगायची. आत्या ऐकायची, मधेच 'चादर उचललीस ना?' म्हणायची, आणि बारकी 'म्हणजे काय!' म्हणायची.

पुढे पुढे आत्या बसूनच ओव्हर द्यायला लागली. पायांवर शाल, पायांत मोजे. "पाय गार पडतात गं," म्हणाली. म्हातारपणी पडतातच. बारकी चेष्टेने म्हणाली, "बसून ओव्हर? मेमो काढीन हं." आत्या हसली. त्या दिवसांत घराला फिनेलचा वासही जास्त यायला लागला होता. जिन्यातच यायचा. बारकीला तो वास आला की लहान झाल्यासारखं वाटायचं. उंबऱ्यात उभी राहून ती छाती भरून वास घ्यायची. वॉर्डात मावशींनी एखाद्या खाटेखाली जास्त फिनेल टाकलं तर तिने लगेच विचारलं असतं, काय झाकताय. इथे ती म्हणाली, "आत्या, तुझं घर म्हणजे अगदी वॉर्ड!" दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

नवऱ्याने एकदा सुचवलं होतं. तो बोलून चालून बसचा ड्रायव्हर, त्याला पेशंटमधलं काय कळणार. "तुझी आत्या जिन्यापर्यंत सोडायला यायची नाही का पूर्वी? हल्ली खुर्चीतूनच हात हलवते." बारकी म्हणाली, "वय झालं तिचं. आणि मी बघते ना तिच्याकडे." बघत कुठे होती? ती विचारत होती. आणि जिला सगळे प्रश्न पाठ आहेत तिला सगळी उत्तरंही पाठ असतात.

शिंपीणबाईचा फोन आला तेव्हा बारकी वॉर्डातच होती. "अगं, आत्या तापानं फणफणल्यात. काहीबाही बोलतायत. मला ओळखेनात." बारकीने ॲम्ब्युलन्स धाडली आणि स्वतः अपघात विभागाच्या दारात जाऊन उभी राहिली. स्ट्रेचर आत आलं. घरचीच शाल पांघरलेली आत्या इतकीशी दिसत होती. बारकीचं तोंड सवयीने चाललं. तिथल्या सिस्टरला ती सांगायला लागली. "शुगरचा जुना त्रास. गोळ्या नियमित. ताप, गुंगी. खाणंपिणं व्यवस्थित. पायांना काही नाही."

ती सिस्टर पूर्वी बारकीच्याच हाताखाली होती. तिने विचारलं, "पाय बघितलेत, सिस्टर?"

"दर रविवारी विचारते मी," बारकी म्हणाली.

ती पोर स्ट्रेचरच्या पायथ्याशी गेली. तिने शाल उचलली आणि मोजा काढला. मोज्याखाली पट्टी होती. जुन्या सिस्टरच्या हाताची, एकही घडी वाकडी नसलेली, पांढरीस्वच्छ पट्टी. ती उलगडत गेली तसा फिनेलमागे इतके दिवस दडलेला वास खोलीभर पसरला. तो वास बारकीला पाठ होता. टाचेपासून घोट्यापर्यंत पाय काळा पडला होता.

डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासूनचं आहे. सगळे बारकीकडे बघायला लागले. घरचं माणूस तीच, इनचार्ज सिस्टर तीच. आणि तिला सांगता येईना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण ही म्हण तिने पोरींना कितीदा ऐकवली होती. आता तिला कोणी ऐकवली नाही, आणि तेच तिला सोसवेना.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. विष तोवर रक्तात भिनलं होतं. ऑपरेशननंतर आत्याला बारकीच्याच वॉर्डात, कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवलं. शुद्ध आली, ताप उतरला, चढला, पुन्हा उतरला. मधे चार चांगले दिवस आले. त्यातल्या एका सकाळी तिला स्पंज करताना बारकीने शेवटी विचारलंच. "का नाही सांगितलंस?"

आत्या छताकडे बघत होती. "नवी चप्पल घेतली होती. टाचेला फोड आला. पायाला कळेना, म्हणून मलाही उशिरा कळलं. वाटलं, आपण बरा करू. आयुष्यभर दुसऱ्यांचे केले. मग बरा होईना तेव्हा लाज वाटली. सिस्टरच्याच टाचेला जखम, आणि तीही चिघळलेली. कोणाला सांगू?"

"मला. मला सांगायचं."

"तुला आठवड्यातनं एक रविवार मिळतो, बारके. तोही ड्रेसिंगमध्ये घालवायचा? तू आलीस की मला पेशंट व्हायचं नव्हतं. गप्पा मारायच्या होत्या." ती पुढे म्हणाली, "तू यायच्या आधी नवी पट्टी बांधायचे, फिनेल मारायचे, शाल घ्यायचे. सगळं झाकून बसायचे आणि दर रविवारी मनात म्हणायचे, आज उचलेल. आज नक्की उचलेल."

तिच्या सुरात तक्रार नव्हती. ओव्हर द्यावा तसं तिने ते सांगितलं. बारकी बेसिनमधलं पाणी बदलायला म्हणून उठली आणि बाहेरच्या मोरीशी नळ मोठा सोडून उभी राहिली. हे एक वाक्य ती आजवर विसरलेली नाही. लपवलेलं दिसलं नाही, तर माणूस स्वतःला माफ करू शकतो. पण कोणीतरी लपवूनही वाट बघत होतं आणि आपण समोर बसून चहा पीत होतो, याला माफी कोणाकडे मागायची?

आत्या त्यानंतर फार दिवस काढू शकली नाही. दिवसाउजेडी, वॉर्डात सगळी गडबड चाललेली असताना, कोणाला फारसा त्रास न देता गेली. खोल्या रिकाम्या करताना बारकीने दाराशेजारचा खिळा उपटला. भिंतीचा पोपडा निघाला म्हणून घरमालक कुरकुरला. खिळा तिने पर्समध्ये टाकला, तो अजून तिथेच आहे.

पण जाण्याच्या अलीकडची एक दुपार सांगायची राहिली. बारकीला विचाराल तर ती ही गोष्ट कधीच सांगणार नाही.

पाळी बदलत होती. जाणाऱ्या पोरीने एकेका खाटेचा ओव्हर दिला आणि दोघी कोपऱ्यातल्या खाटेशी आल्या. जंतुसंसर्गाची खाट म्हणून बारकीने तोंडावर मास्क चढवला. पोरीने सांगायचं ते सांगितलं आणि न सांगता चादर उचलली. बारकीने बघितलं. ड्रेसिंग कोरडं होतं. चादर पुन्हा नीट घालून पोर निघून गेली. आत्याला झोप लागली असेल असं समजून बारकीही वळली, तोच मागून बारीक आवाज आला.

"द्या सिस्टर, ओव्हर द्या."

आत्याचे डोळे उघडे होते. बारकी परत आली. खाटेच्या पायथ्याशी ताठ उभी राहिली. हात मागे बांधले.

"खाट नंबर एक," ती म्हणाली. "आत्या. ताप कमी आहे. दोन घास खाल्ले. ड्रेसिंग कोरडं. ऑपरेशन झालंय. एक पाय..." आणि तिथे ती अडकली.

"सांग की. ओव्हरमध्ये गाळायचं नसतं."

"एक पाय नाही."

"आणि दुसरा?"

"जागेवर."

आत्याच्या ओठांच्या कडा जराशा हलल्या. जुना विनोद होता तो, त्याला तेवढा मान द्यायला हवा होता. बारकीलाही हसायचं होतं. जमलं नाही. मग आत्याचा आवाज बदलला. जिन्याच्या तोंडाशी वाट बघत बसणाऱ्या पोरीला ती ज्या आवाजात विचारायची तोच हा आवाज होता, फक्त आता त्यात जोर नव्हता.

"आणि ओव्हर देणारी सिस्टर कशी आहे?"

इतक्या रविवारी, इतक्या वेळा ओव्हर घेऊन बारकीने हा प्रश्न आत्याला एकदाही विचारला नव्हता. शुगर विचारली, गोळ्या विचारल्या, पाय विचारले. हा तेवढा राहून गेला. ते तिला त्या क्षणी कळलं, आणि कळूनही तोंडातून सवयीने तेच निघालं.

"बरी आहे. तक्रार नाही."

आत्याने बोटाने तिला जवळ बोलावलं. बारकी वाकली. आत्याचा हात सलाइनची नळी ओढत हळूहळू वर आला, तिच्या गालाशी पोचला, आणि तिने मास्कची कड धरून तो खाली ओढला. आतून मास्क पार भिजला होता. नाक, ओठ, हनुवटी, सगळं ओलं.

आत्या बघत राहिली. घाई केली नाही. पुसलंही नाही, पुसण्याइतकं बळ तिच्या हातात नव्हतं. नुसती बघत राहिली.

"घेतला ओव्हर," शेवटी ती म्हणाली. "जा आता खेळायला."